कुत्र्याला घरी इंजेक्शन देणं: त्वचेखालच्या सुईची पूर्ण पद्धत

कुत्र्याला मधुमेह झाला की बहुतेक वेळा दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं, आणि तेही आयुष्यभर. इतक्या वेळा दवाखाना गाठणं जमण्यासारखं नसतं, म्हणून डॉक्टर सिरिंज घरच्या माणसाच्या हातात देतात. नवख्या माणसाला धास्ती असते ती सुई टोचण्याची. पण टोचणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. कुत्र्याच्या पाठीवरची कातडी सैल असते, इन्सुलिनची सुई फार बारीक असते, आणि खाण्यात गुंग असलेल्या कित्येक कुत्र्यांना टोचल्याचं कळतही नाही. जिवावर बेतणाऱ्या चुका होतात त्या टोचायच्या आधी: सिरिंज भलतीच, माप चुकलेलं, बाटली नीट न मिसळलेली, कुत्रा उपाशी. त्यामुळे इथे तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे. तो भाग गाळून थेट टोचण्याकडे जाऊ नका.

घरी काय द्यायचं, काय नाही

घरी शिकून देता येतात ती त्वचेखालची इंजेक्शनं. इन्सुलिन, बी-१२ जीवनसत्त्व, ॲलर्जीवरच्या उपचाराचे डोस, मूत्रपिंडाच्या आजारात दिलं जाणारं सलाइन ही त्यातली नेहमीची. स्नायूतलं इंजेक्शन वेगळं. मांडीच्या मागच्या भागातून एक मोठा मज्जातंतू जातो. सुई त्याला लागली तर कुत्र्याचा पाय अधू होऊ शकतो. डॉक्टरांनी समोर उभं राहून शिकवल्याशिवाय ते देऊ नये. शिरेतलं इंजेक्शन घरी कधीच नाही. लसही दवाखान्यातच द्यावी: ती सतत थंड ठेवावी लागते, आणि तिची तीव्र ॲलर्जी उठली तर काही मिनिटांत उपचार लागतात. ते घरी नसतात.

औषध कोणत्या मार्गाने द्यायचं ते बाटलीवर छापलेलं असतं, ते वाचा. फक्त शिरेतून द्यायची काही औषधं कातडीखाली गेली तर तिथली कातडी मरते आणि मोठी जखम होते. घरात उरलेलं माणसाचं औषध अंदाजाने कुत्र्याला टोचणं तर साफ बंद.

पहिला डोस डॉक्टरांसमोर, पण तुमच्या हाताने द्या. त्यांनी देऊन दाखवलं एवढ्यावर घरी परतू नका. त्याआधी हात बसावा म्हणून सिरिंजमध्ये पाणी भरून घडी घातलेल्या टॉवेलवर किंवा संत्र्यावर सराव करता येतो. ती सिरिंज नंतर कुत्र्यासाठी वापरायची नाही.

सिरिंज: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. बाटलीवर यू-४० लिहिलं असेल तर १ मिलीमध्ये ४० युनिट असतात, यू-१०० असेल तर १०० युनिट. प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते, कारण तिच्यावरच्या रेघा त्याच हिशोबाने आखलेल्या असतात. बाटली यू-४० तर सिरिंज यू-४०, बाटली यू-१०० तर सिरिंज यू-१००. यू-४०च्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल असतं आणि यू-१००चं नारिंगी. पण रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेला आकडा वाचा.

अदलाबदल झाली तर काय होतं ते आकड्यांत पाहा. डोस १० युनिटचा आहे. यू-१०० इन्सुलिन तुम्ही चुकून यू-४०च्या सिरिंजमध्ये १०च्या रेघेपर्यंत भरलंत, तर नळीत ०.२५ मिली औषध आलं, म्हणजे २५ युनिट. अडीचपट डोस. साखर झपाट्याने उतरून कुत्रा दगावू शकतो. उलटं केलंत, यू-४० इन्सुलिन यू-१००च्या सिरिंजमध्ये १०पर्यंत भरलंत, तर फक्त ४ युनिट जातात. साखर वाढलेलीच राहते आणि डोस कमी पडतोय असं वाटून डॉक्टर तो वाढवतात. पुढे कधी योग्य सिरिंज हाती आली की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो.

दुकानातून नवीन पाकीट आणलं की दर वेळी ते बाटलीशेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे जुळवा. दुकानदाराने 'दोन्ही सारखंच' म्हटलं तरी जुळवा. एका प्रकारची सिरिंज वापरून गुणाकाराने दुसऱ्या प्रकारचा डोस काढता येतो हे खरं, पण आमचं स्पष्ट मत आहे की घरात हा हिशोब नकोच. सकाळच्या घाईत, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातून, तो कधीतरी चुकणारच.

आणखी एक बारकावा रेघांचा. काही सिरिंजवर एक रेघ म्हणजे १ युनिट, काहींवर २ युनिट, लहान सिरिंजवर अर्धासुद्धा. नवीन पाकिटातली सिरिंज हातात घेऊन दोन आकड्यांमधल्या रेघा एकदा मोजा. कुत्रा लहान चणीचा असेल आणि डोस २-३ युनिटचाच असेल तर ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघांची सिरिंज मागा. १ मिलीच्या सिरिंजवर इतका छोटा डोस अचूक भरणं अवघड जातं.

सुईच्या जाडीला गेज म्हणतात, आणि आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. इन्सुलिनच्या सिरिंजला २९ ते ३१ गेजची सुई जोडूनच येते. लांबी साधारण ८ ते १३ मिलीमीटर असते. दाट केसांच्या, जाड कातडीच्या कुत्र्याला लांब सुई बरी पडते. बी-१२सारख्या औषधाला साध्या सिरिंजवर २२ ते २५ गेजची सुई चालते.

इन्सुलिन सोडून बाकी औषधांचा डोस डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या. त्यांनी २५ मिलीग्रॅम सांगितलं आणि बाटलीत १ मिलीत ५० मिलीग्रॅम असेल, तर द्यायचं आहे ०.५ मिली. चिठ्ठीवर शून्य आणि दशांश चिन्ह दोन्ही ठळक हवेत, कारण '.५'मधलं ते टिंब दिसलं नाही तर दहापट औषध जातं.

बाटली सांभाळणं

इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला, उभी ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी त्याचा भरवसा नाही, ते टाकून द्यायचं. ऊन आणि बंद गाडीतली उष्णताही तितकीच वाईट. प्रवासात थंड पिशवी वापरा, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कापड ठेवा.

बूच पहिल्यांदा टोचलं त्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहा. माहितीपत्रकात दिलेली मुदत, सहसा ४ ते ६ आठवडे, संपली की औषध उरलं असलं तरी नवी बाटली काढा. लहान कुत्र्यांच्या बाबतीत अर्ध्याहून जास्त औषध वाया जातं आणि जीव हळहळतो, पण जुन्या बाटलीमुळे साखर का वाढतेय हे शोधण्यात आठवडे जातात.

दुधाळ दिसणाऱ्या इन्सुलिनमधलं औषध तळाशी बसतं. बहुतेक दुधाळ इन्सुलिनची बाटली दोन तळव्यांत धरून १०-१५ वेळा हळू फिरवायची असते. जोरात हलवायची नसते. कुत्र्यांसाठीच्या काही इन्सुलिनच्या पत्रकात मात्र बाटली चांगली हलवायला सांगितलेलं असतं; तिथे तसंच करा आणि फेस बसेपर्यंत थांबा. ही दोन वेगळी औषधं आहेत, एकाची सवय दुसऱ्याला लावू नका. मिसळल्यावरही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर ती बाटली बाद. पारदर्शक इन्सुलिन मिसळावं लागत नाही, आणि ते गढूळ दिसलं तर वापरायचं नाही.

औषध भरण्याचा क्रम

१. हात साबणाने धुवा. बाटलीचं नाव, यू-आकडा आणि तारीख वाचा. कुत्रा जेवला आहे याची खात्री करा (याबद्दल पुढे).

२. बाटली मिसळा. रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून सुकू द्या.

३. सिरिंजचा दट्ट्या ओढून डोसाइतकी हवा घ्या. बाटली टेबलावर उभी असताना सुई बुचातून आत घालून ती हवा आत सोडा. हे टाळलं तर बाटलीत पोकळी तयार होते आणि काही दिवसांनी औषध खेचलंच जात नाही.

४. सुई आत असतानाच बाटली उलटी करा. सुईचं टोक औषधात बुडालेलं हवं. दट्ट्या सावकाश ओढून डोसापेक्षा थोडं जास्त औषध घ्या.

५. बुडबुडे दिसले तर नळीवर टिचकी मारा, ते वर येतील. मग दट्ट्या ढकलून ते आणि जास्तीचं औषध बाटलीत परत सोडा. कातडीखाली छोटा बुडबुडा गेल्याने कुत्र्याला धोका नसतो. पण बुडबुड्याने अडवलेली जागा म्हणजे तितका कमी डोस, आणि २ युनिटच्या डोसात तो फरक मोठा असतो.

६. सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर उभी धरून माप वाचा. रबराची सुईकडची कड रेघेवर हवी. रबर घुमटासारखं असेल तर घुमटाचं टोक धरायचं नाही, नळीला चिकटलेली पहिली कड धरायची.

७. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला डोसाचा आकडा न सांगता विचारा, "किती भरलंय?" आकडा आपण सांगितला की समोरचा नुसती मान डोलावतो.

साध्या सिरिंजला सुई वेगळी असते, तिथे औषध भरून झाल्यावर सुई बदला. रबरातून गेलेल्या सुईची धार कमी होते. तेलकट किंवा थंड औषध असेल तर भरलेली सिरिंज टोपणासह काही मिनिटं मुठीत धरा. थंड औषध जास्त झोंबतं.

जागा कोणती

मानेमागची सैल कातडी सगळ्यात सोपी, आणि एखाद्या वेळच्या इंजेक्शनाला ती ठीक आहे. रोजच्या इन्सुलिनला मात्र ती कमी योग्य, कारण तिथे रक्तपुरवठा तुलनेने कमी आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचून कातडी घट्ट होते. तिथून औषध कधी लवकर तर कधी उशिरा शोषलं जातं. त्याऐवजी खांद्याच्या फऱ्यामागून कंबरेच्या मध्यापर्यंत, पाठीच्या कण्यापासून २ ते ५ सेंटीमीटर बाजूला असलेली पट्टी वापरा. सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी. आणि दर दिवशी कालच्या जागेपासून दोन बोटं पुढे-मागे. गाठ, खरूज, ओरखडा असलेली जागा सोडा.

कातडी स्पिरिटने पुसायची का? निरोगी, स्वच्छ कातडीला गरज नाही. केसांवरून एकदा बोळा फिरवल्याने जंतू जात नाहीत, आणि ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की झोंबतं. मग कुत्रा त्या वासालाच घाबरू लागतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. केस फार दाट असतील तर पाठीच्या दोन्ही बाजूंना छोटा भाग बारीक करून घ्या. सुई कुठे गेली ते दिसतं.

कुत्र्याला उभं करणं

लहान कुत्र्याला न घसरणाऱ्या चटईवर, टेबलावर घ्या. मोठ्याला भिंतीच्या कडेने उभं करा, म्हणजे तो बाजूला सरकू शकत नाही. मदतीला माणूस असेल तर त्याने डोक्याकडे थांबावं, घट्ट आवळू नये. आवळलं की कुत्र्याला कळतं काहीतरी होणार आहे. त्यापेक्षा पुढ्यात खाणं ठेवणं कितीतरी चांगलं. चावण्याचा इतिहास असेल तर तोंडाला जाळी बांधा, त्यात काही क्रूर नाही. पण जाळी इंजेक्शनाव्यतिरिक्तही अधूनमधून बांधून बक्षीस द्या, नाहीतर ती दिसताच पळापळ होते.

कुत्रा फार ताणलेला असेल तर दिवसभरात सहज येता-जाता त्याच्या पाठीची कातडी उचला, खाऊ द्या, सोडून द्या. सुई नसताना दहादा कातडी उचलली गेली की सुई असताना त्याचं त्याला अप्रूप राहत नाही.

टोचणं

उजव्या हाताचे असाल तर डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने कातडी वर उचला. मोकळ्या राहिलेल्या तर्जनीने त्या उचललेल्या कातडीचा माथा किंचित दाबा. तिथे खळगा तयार होतो, त्याच्या खाली पोकळ जागा असते. सुई या खळग्यात जायची असते.

सिरिंज पेनसारखी धरा, अंगठा अजून दट्ट्यावर नको. सुईचं तिरपं तोंड वर, आणि सुईची दिशा पाठीच्या रेषेला समांतर, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे किंवा उलट. घडीला आडवी सुई घातली तर ती एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येते. कोन साधारण ४५ अंशांचा ठेवा. सुई एका झटक्यात, ठामपणे, पूर्ण आत न्या. भीतभीत हळूहळू दाबलेली सुई जास्त दुखते, आणि अर्धवट आत गेलेली सुई औषध कातडीच्या थरातच सोडते.

आता दट्ट्या किंचित मागे ओढा. रक्त दिसलं तर सुई काढून दुसऱ्या जागी नवीन सिरिंजने द्या. हवा येत राहिली तर सुई घडीच्या पलीकडे गेली आहे. काहीच आलं नाही तर अंगठ्याने दट्ट्या सावकाश पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा, मग सुई आत गेली त्याच दिशेने बाहेर काढा आणि कातडी सोडा. इन्सुलिन दिल्यावर जागा चोळू नका. शोषणाचा वेग बदलतो.

शेवटी त्या जागेवरून बोट फिरवून वास घ्या. इन्सुलिनला औषधी, दवाखान्यासारखा वास असतो. ओलं लागलं तर औषध केसांवर गेलं.

काय बिघडतं आणि का

औषध केसांवर सांडलं. नव्या माणसाच्या हातून हे हमखास होतं. किती आत गेलं, किती बाहेर, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून इन्सुलिन पुन्हा द्यायचं नाही. एक वेळचा डोस कमी पडून साखर काही तास चढलेली राहणं परवडतं; दुहेरी डोस परवडत नाही. वहीत नोंद करा आणि पुढचा डोस ठरल्या वेळी द्या.

दट्ट्या जड जातो आणि कातडीवर छोटा टणक फुगवटा येतो: सुई कातडीच्या थरात अडकली आहे. कोन थोडा वाढवा, सुई पूर्ण आत न्या.

कुत्रा दर वेळी कळवळतो: घडी पुरेशी उचललेली नाही आणि सुई स्नायूत जाते, किंवा सुई बोथट आहे. सुई एकदाच वापरायची. तिच्यावरचा गुळगुळीत लेप पहिल्याच वापरात जातो, टोक वाकतं, आणि आत राहिलेलं औषध पुढच्या मापात मिसळतं.

थेंबभर रक्त आलं तर कापसाने काही सेकंद दाबून धरा, काळजीचं कारण नाही. दोन-तीन दिवसांत न बसणारी, गरम किंवा दुखरी गाठ आली तर डॉक्टरांना दाखवा. कोणतंही नवीन औषध दिल्यावर अर्धा तास कुत्र्यावर नजर ठेवा: तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलट्या, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, कोसळणं यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

जेवण, वेळ आणि उतरलेली साखर

इन्सुलिनचे दोन डोस सुमारे १२ तासांच्या अंतराने, जेवणाला जोडून. आधी जेवण, मग सुई, हा क्रम नवख्यांसाठी सुरक्षित. अर्धा-एक तास इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. कुत्रा जेवलाच नाही, अर्धंच जेवला किंवा जेवून ओकला, तर नेहमीचा डोस देऊ नका. अशा वेळी किती द्यायचं किंवा द्यायचंच नाही, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लेखी घ्या. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरून काढायचा नसतो.

फ्रिजच्या दारावर तक्ता लावा: तारीख, वेळ, किती खाल्लं, किती युनिट, कोणत्या बाजूला, कोणी दिलं. 'तू दिलंस का?' 'मला वाटलं तू दिलंस' यातून दोनदा दिलेलं इन्सुलिन हा घराघरांत घडणारा अपघात आहे. दिलं की नाही याबद्दल शंका असेल तर देऊ नका.

साखर उतरल्याची खूण म्हणजे झोकांड्या, थरथर, अशक्तपणा, एकदम भूक, शून्यात बघत राहणं, आणि पुढे झटके. मध्यम कालावधीच्या इन्सुलिननंतर साधारण ४ ते ८ तासांत हा धोका जास्त. ग्लुकोमीटरवर १०० मिलीलीटरमागे ६० मिलीग्रॅमपेक्षा कमी आकडा धोक्याचा; पण लक्षणं दिसत असताना मीटर शोधत बसू नका. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. खाऊ शकत नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि दातांमध्ये बोट सापडणार नाही याची काळजी घ्या. सावरला तरी त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा, साखर पुन्हा उतरू शकते. 'शुगर-फ्री' पदार्थ कधीच वापरू नका: त्यात बऱ्याचदा झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याची साखर आणखी कोसळते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

सलाइन द्यायचं असेल तर

पद्धत तीच, सुई जाड: १८ किंवा २० गेज. पिशवी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, कुठेतरी उकळता भाग राहतो. नळीतली हवा काढून मग सुई लावा. पाठीवर फुगवटा येतो, तो हळूहळू पायाकडे किंवा छातीखाली उतरतो आणि जिरतो. पुढच्या वेळेपर्यंत जिरला नसेल तर नवीन देऊ नका, विचारा. साखर मिसळलेलं सलाइन कातडीखाली द्यायचं नसतं, आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्याला जास्त पाणी धोक्याचं, म्हणून मिलीचा आकडा डॉक्टरांचाच.

वापरलेल्या सुया

टोपण परत लावायच्या धडपडीतच बहुतेक लोकांच्या बोटात सुई जाते. वापरलेली सिरिंज तशीच, सुई खाली करून, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. डबा टोचायच्या आधीच हाताशी उघडा ठेवा. तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात परत द्या. बहुतेक दवाखान्यांत सुया नष्ट करण्याची सोय असते. घरच्या कचऱ्यात सुटी सुई गेली तर ती कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते. तुमच्या बोटाला टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. औषध आत गेलं असण्याची शक्यता असेल, विशेषतः इन्सुलिन, तर काहीतरी गोड खाऊन लगेच तुमच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि अंदाजे युनिट सांगा.